फोमच्या पंखाचे वय

अमेरिकन विमान-अभिकल्पक बर्ट रुटान यांचे ‘मोल्डलेस कॉम्पोझिट सँडविच होमबिल्ट एअरक्राफ्ट कन्स्ट्रक्शन’ हे छोटे पुस्तक विज्ञानशिक्षकांनी मिळवून वाचावे असे आहे. ते घरी विमान बांधणाऱ्या हौशी मंडळींसाठी लिहिलेले आहे. फोमचा ठोकळा तापल्या तारेने पंखाच्या आकारात कापायचा आणि त्यावर काचतंतूंचे कापड इपॉक्सी रेझिनने चिकटवायचे. साचा लागतच नाही. १९७५ साली उडालेले ‘व्हॅरिइझी’ आणि १९७९ चे ‘लाँग-इझी’ ही विमाने याच रीतीची. आधी सरावाचे तुकडे करायला लावून, त्यांच्या वजनावरून रेझिन जास्त झाले का ते ओळखायला शिकवणे, ही पद्धत तर आपल्या प्रयोगशाळांनी जरूर उचलावी.

पुस्तकात तपासणीचे निकष आणि दुरुस्ती आहे, पण ती नव्या कामाची. आज यांतील अनेक विमाने चाळीस वर्षांहून जुनी असून दुसऱ्या-तिसऱ्या मालकाकडे गेली आहेत. पंखाच्या पोटात काय झाले आहे, हे त्याने कसे ओळखावे?

फरशी ठोकून पोकळी शोधणाऱ्या गवंड्यासारखा तो नाण्याने पंख ठोकतो. खणखणीत आवाज म्हणजे कापड फोमला धरून आहे, बद्द आवाज म्हणजे सुटले आहे. सुटणे गंभीर, कारण ताण व दाब कापडाचे थर सोसतात आणि फोम त्यांना जागेवर धरतो. तो आधार गेला की दाबाखालचा थर पातळ पत्र्यासारखा वाकतो. मात्र नाणे जोडाची ताकद मोजत नाही. नुसते टेकलेले, न चिकटलेले थरही कधी खणखणीत वाजतात आणि जाड लांबीखाली आवाज फसवतो.

खरे तर नुसत्या वयाने पॉलिस्टायरीन कुजत नाही. त्याचे वैरी वेगळे: ऊन, सुमारे ७५ अंश सेल्सियसपलीकडची उष्णता (म्हणून ही विमाने बहुधा पांढरी) आणि पेट्रोल. थर्मोकोलही पॉलिस्टायरीनच, त्यावर ॲसिटोनचे चार थेंब टाका, अर्थात ज्योतीपासून दूर, आणि काय होते ते मुलांना पाहू द्या. टाकीतून झिरपलेले पेट्रोल पंखातला फोम असाच विरघळवते. वरचे कापड मात्र शाबूत दिसते.

म्हणून विमानाचा इतिहास हाच पहिला पुरावा. फोम झाकण्यापूर्वीची छायाचित्रे आणि बांधणाऱ्याची नोंदवही कशी ठेवावी, यावर या पुस्तकात एक सविस्तर प्रकरण हवे होते. मापे पौंड-इंचांत आहेत, तेवढी रूपांतराची कटकट सोसावी लागेल.