पितळखोऱ्यातला मगिल नवस फेडत नव्हता

रोमन साम्राज्यातल्या, अगदी ब्रिटनच्या सीमेवरच्या सैनिकांच्याही वेद्यांवर शेवटी चार अक्षरं असतात: व्ही, एस, एल, एम. अर्थ साधारण असा, की बोललेला नवस मनापासून, रीतसर फेडला. म्हणजे आधी मागणं, मग देवाचं देणं, मग दगड. या लेखांना 'व्होटिव्ह' म्हणणं बरोबरच आहे.

अडचण पुढे सुरू होते. ब्यूलरने सांचीच्या दानलेखांनाही हाच शब्द लावला आणि तो आपल्या वाचनात कायमचा येऊन बसला. आता आपल्या जिल्ह्यातलं पितळखोरं बघा. कन्नडजवळच्या या लेण्यांत खांबांवर ब्राह्मी लेख आहेत. पैठणच्या मितदेव नावाच्या गांधिकाच्या, म्हणजे सुगंधी द्रव्यांच्या व्यापाऱ्याच्या, कुळाने एक खांब दिला. पैठणच्याच संघकाच्या मुलांनी दुसरा. लेखात काय आहे? गाव, नाव, 'थभो', 'दानं'. संपलं! काय मागितलं, काय मिळालं, एक अक्षर नाही. मग नवस आणला कुठून? तो शब्दाबरोबर आला.

मला जास्त महत्त्वाचा वाटतो तो मगिल. तो स्वतःला राजवैद्य म्हणवतो, वच्छीचा पुत्र म्हणवतो. त्याची मुलगी दत्ता आणि मुलगा दत्तक यांचीही वेगळी दानं आहेत. आपण लगेच लिहून मोकळे होतो: 'सातवाहनांचा राजवैद्य'. पण राजाचं नाव लेखात नाहीच. तसंच 'वच्छीपुत्र' दिसलं की मातृसत्ता! अहो, दत्ताची ओळख तर बापाच्या नावाने दिलीय. आईच्या गोत्रावरून नाव सांगणं आणि घरात आईची सत्ता असणं, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

'सर्वसामान्यांनी लेणी घडवली' हे वाक्यही जरा जपून वापरा. खांब देऊ शकणारा गांधिक सामान्य कसा? खोदणाऱ्यांची नावं बहुतेक नाहीतच. अपवाद कण्हदासाचा. हा सोनार, आणि इथल्या यक्षमूर्तीवर ती आपण 'केली' असं तो कोरून ठेवतो. 'दिली' नव्हे, 'केली'.

या लेण्यांवरचा म. न. देशपांड्यांचा १९५९चा अहवाल वाचताना लेखाच्या मजकुराइतकंच तो नेमका कुठे कोरलाय तेही टिपून घ्या. पैठण तिथून शंभरहून जास्त किलोमीटर. एवढ्या लांबून हे व्यापारी इथे का येत होते, हा प्रश्न मला नवसापेक्षा मोठा वाटतो. त्याचं उत्तर खांबावर नाही, घाटवाटांच्या नकाशात शोधावं लागेल.