पोहोचलेल्या माणसांची आत्मचरित्रं

मराठी आत्मचरित्रात हल्ली कुणी हरत नाही. नायक गरीब घरात जन्मतो, आई कष्ट उपसते, एखादे गुरुजी अगदी वेळेवर भेटतात. मधल्या प्रकरणांत एक-दोन अपयशं येतात, तीही पुढचं यश उठून दिसावं म्हणून. मग खुर्ची, सत्काराची शाल आणि मान्यवरांची प्रस्तावना. राजेश पाटील यांच्या ‘ताई, मी कलेक्टर व्हयनू’मध्ये तर शेवट मुखपृष्ठावरच सांगितलेला आहे. विश्वास नांगरे पाटील यांचं ‘मन में है विश्वास’ (२०१६) स्पर्धा परीक्षेच्या मुलांच्या टेबलावर गाईडांच्या शेजारी ठेवलेलं असतं आणि तिथं ते शोभतंही. या दोन पुस्तकांवर माझा राग नाही. त्यांना निदान स्वतःची बोली आणि स्वतःचं गाव आहे. राग आहे तो त्यांच्यामागे लागलेल्या रांगेवर. अधिकारी, उद्योजक, डॉक्टर, क्लासचे संचालक, सगळ्यांचं बालपण एकाच दुकानातून आणल्यासारखं आणि सगळ्यांचा ‘मी’ लिहायला बसण्याआधीच तयार.

हा साचा काल-परवाचा नाही. डॅन मॅकॲडम्स या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने ‘द रिडेम्प्टिव्ह सेल्फ’ (२००६) या पुस्तकात दाखवलं की त्याच्या देशातली माणसं आयुष्याची गोष्ट दुःखातून उद्धाराकडे नेत सांगतात, आणि या सवयीचं एक मूळ प्युरिटन ख्रिस्त्यांच्या धर्मानुभवाच्या कथनांत आहे. ही गोष्ट आपल्याकडेही मिशनऱ्यांच्या हाताला धरून एकोणिसाव्या शतकातच आली. बाबा पदमनजींचं ‘अरुणोदय’ आठवा. आधी अंधार, मग शंका, मग प्रकाश. लिहिणारा प्रकाशात उभा राहून अंधारातल्या स्वतःकडे बघतो, त्याची कीव करतो आणि त्याला एकही शब्द मनाने बोलू देत नाही. आजच्या पुस्तकांत बाप्तिस्म्याच्या जागी यूपीएससीची यादी आली, एवढाच फरक.

आता गंमत बघा. हा साचा ज्या बाईला सगळ्यात सहज वापरता आला असता तिने तो वापरला नाही. लक्ष्मीबाई टिळक स्वतः धर्मांतरित. १८९५ साली नारायण वामन टिळकांनी बाप्तिस्मा घेतला, पुढची काही वर्षं ही बाई त्यांच्यापासून तुटून राहिली आणि १९०० मध्ये आपणही ख्रिस्ती झाली. ‘स्मृतिचित्रे’चा पहिला भाग १९३४चा, म्हणजे लिहिताना श्रद्धा पक्की होऊन एक पिढी उलटलेली. दुसरं कुणी असतं तर धर्मांतराच्या बातमीने कोसळलेल्या त्या ब्राह्मण बायकोला अडाणी ठरवून मोकळं झालं असतं. लक्ष्मीबाई तसं करत नाहीत. त्या पानांवर ती बायको खरीच उद्ध्वस्त आहे, तिचा नवऱ्यावरचा राग रास्त आहे, तिचं सोवळं तिच्यापुरतं खरं आहे. पुढे मनातला जातिभेद गळून पडतो तोही साक्षात्काराच्या थाटात नव्हे; विचार करता करता तो गळतो आणि त्यावर बाई थोडं हसूनही घेतात. सोवळ्याच्या वेडाने घर पोखरणारा बाप असो की लहरी नवरा, कुणालाच निकाल सुनावला जात नाही. स्वतःलाही नाही. काल जी होते तिला आजच्या शहाणपणाने दुरुस्त करायचं नाही, हा संयम मराठी गद्यात इतक्या उंचीवर पुन्हा क्वचितच दिसला.

तो वेगळ्या वाटेने दिसला ‘बलुतं’मध्ये (१९७८). दया पवारांनी स्वतःचे दोन तुकडे केले. बोलतो तो दगडू मारुती पवार, ऐकतो तो कवी दया पवार. धामणगावचा महारवाडा आणि मुंबईचा कावाखाना यांबद्दल आजवर इतकं लिहून झालंय की मूळ धाडसाकडे लक्षच जात नाही. हे दोघे एकमेकांवर विश्वास ठेवत नाहीत. दगडूला पांढरपेशा झालेल्या कवीचा संशय आहे आणि कवीला दगडूची लाज वाटते. लाज वाटल्याची पुन्हा वेगळी लाज. पहिल्या बायकोशी आपण कसे वागलो हे दगडू सांगतो तेव्हा तो माफी मागत नाही आणि कैफियतही देत नाही. शिकून वर आलेल्या माणसाच्या पोटात न आलेला माणूस तसाच बसून असतो, ही गोष्ट हे पुस्तक सोडत नाही. वर येण्याची किंमत कुठल्या ‘मी’ने भरली, असं ते विचारतं. आजच्या रांगेतल्या एकाही पुस्तकाला हा प्रश्न पडलेला नाही.

बेबी कांबळे यांनी ‘जिणं आमुचं’मध्ये तिसरीच वाट धरली. वीरगावचा महारवाडा, आषाढातले सण, पोतराज, सासुरवासात नाक कापलं गेलेल्या सुना, सगळं आहे. स्वतःचा संसार मात्र जवळपास नाही. हे लिखाण त्यांनी वर्षानुवर्षं नवऱ्यापासून लपवून ठेवलं आणि त्याच्या हातचा मार त्या बोलल्या तो इंग्रजी अनुवादासाठी मुलाखत देताना. आत्मचरित्रातून ‘आत्म’ बाजूला ठेवण्याची ही हिंमत कुठल्या व्यक्तिमत्त्व विकासाच्या शिबिरात शिकवतात?

बाकीचा प्रदेश भरभर ओलांडतो. अत्र्यांचं ‘कऱ्हेचे पाणी’ म्हणजे खंडामागून खंड चाललेली जाहीर सभा. ऐकायला मजा येते, वक्ता घरी गेल्यावर कसा असतो ते कळत नाही. आनंद यादवांनी ‘झोंबी’वर थांबायला हवं होतं. नटनट्यांच्या आठवणींत हंसा वाडकरांचं ‘सांगत्ये ऐका’ आणि राम नगरकरांचं ‘रामनगरी’ ही दोन सोडली तर बाकीची अल्बमं आहेत. सुनीताबाईंचं ‘आहे मनोहर तरी’ (१९९०) महाराष्ट्राने पुलंबद्दलची तक्रार म्हणून वाचलं. स्वतःशीच इतकं निष्ठुर भांडणारी बाई समोर असताना आम्ही नवऱ्याची बाजू घेत बसलो. ‘आमचा बाप आन् आम्ही’ (१९९३) गाजलं ते त्यातल्या बापामुळे. नकला करणाऱ्यांनी बाप सोडला, चढण तेवढी उचलली.

आणि हा साचेबंदपणा दुसऱ्याकडून करून घेतलेल्या शब्दांकनामुळे आला असं कुणी सांगू नये. ‘सांगत्ये ऐका’चं शब्दांकन अरुण साधूंचं होतं; तिथे एक बाई स्वतःला सावरून न घेता बोलते आणि लिहिणारा तिला सावरायला जात नाही. दोष लेखणी कुणाच्या हातात होती याचा नाही.

माझ्या मते दोष आम्हा समीक्षकांचा आहे. दलित स्वकथनं आली तेव्हा आम्ही काय म्हणालो? ‘दाहक अनुभव’, ‘जळजळीत वास्तव’, ‘प्रांजळ निवेदन’. ‘उपरा’, ‘अक्करमाशी’, ‘उचल्या’ या पुस्तकांना आम्ही कागदपत्रं मानलं, साक्षी मानलं, त्यांच्यापुढे मान खाली घातली आणि वाचायचं टाळलं. ‘अक्करमाशी’तला निवेदक आपण नेमके कोण, बापाचे की आईचे, गावातले की वाड्यातले, या प्रश्नाभोवती वाक्य कसं मोडतो ते कुणी पाहिलं? अनुभव भीषण आहे ना, मग पुस्तक मोठं. हा निकष एकदा मान्य केला की त्याची दुसरी बाजूही मान्य करावी लागते: संघर्ष मोठा आहे ना, मग पुस्तक मोठं. आजची विजयगाथा त्याच निकषावर पोसली गेली. आम्ही अनुभवाची उंची मोजत बसलो आणि ‘मी’ कसा रचला गेला हे विचारणं म्हणजे लेखकाचा अपमान असं ठरवून टाकलं.

यावर एक उत्तर ठरलेलं असतं. जिल्हा परिषदेच्या शाळेतलं पोर ही पुस्तकं वाचून उभं राहतं, तुम्ही कोण बोलणारे? बरं, त्या पोराबद्दलच बोलू. यूपीएससीला दरवर्षी दहा लाखांच्या आसपास अर्ज येतात आणि जागा हजाराच्या आसपास असतात. यादीतल्या दोघा-चौघांची पुस्तकं निघतात. उरलेले सदाशिव पेठेतल्या अभ्यासिकेत पाच-पाच, सात-सात वर्षं काढतात, खानावळीचे डबे खातात आणि त्याच पुस्तकांच्या चौकटीत स्वतःकडे बघतात. माणूस स्वतःला ओळखतो ते बऱ्याच अंशी हाताशी असलेल्या गोष्टींमधून. या मुलाच्या हाताशी एकच गोष्ट आहे आणि तिच्यात त्याचं आजचं आयुष्य म्हणजे अपयशाचं मधलं प्रकरण. पुढचं प्रकरण आलं नाही तर? मग तो स्वतःच्याच गोष्टीत बसत नाही. ही पुस्तकं धीर देतात हे मान्य; धीर सुटलेल्या माणसाला स्वतःबद्दल बोलायला ती एक वाक्यही देत नाहीत, हे कधी मान्य करणार? ‘स्मृतिचित्रे’ देतं. ‘बलुतं’ देतं. ही दोन्ही पुस्तकं अभ्यासिकेत दिसलीच तर कुणाच्या तरी टेबलावर दिसतील, प्रश्नोत्तरांच्या नोट्सखाली.

तेव्हा प्रकाशकांना सांगणं एवढंच की पुढच्या कलेक्टराचं हस्तलिखित थोडं बाजूला ठेवा. सात वर्षं परीक्षा देऊन गावी परतलेला, आता शेती बघणारा किंवा तालुक्याच्या गावी झेरॉक्सचं दुकान चालवणारा कुणीतरी लिहीत असेल, त्याला गाठा. तो म्हणेल, माझ्या गोष्टीला शेवटच नाही. नसू दे. प्रस्तावनेला मान्यवर मिळणार नाहीत आणि मुखपृष्ठावर काय छापायचं हेही कळणार नाही. तरीही छापा, आणि त्याने ओळी खोडून पुन्हा लिहिल्या असतील तिथे संपादकाची शहाणी लेखणी फिरू देऊ नका.