अंश 70, छेद कुणाचा? टीबी आणि बायोलॉजिक औषधांवरचा एक गाजलेला पेपर वाचताना

पेटचा इंटरव्ह्यू असो, फेलोशिपचा असो की डिपार्टमेंटचा जर्नल क्लब, एक फर्माईश ठरलेली असते : "हा पेपर क्रिटिकली वाचून दाखवा." मग आपण काय करतो? सॅम्पल लहान आहे, कंट्रोल ग्रुप नाही, एवढं बोलून मोकळे होतो. आज असा एक पेपर घेऊ ज्याला हे दोन्ही आक्षेप लागू पडतात, आणि तरीही तो उत्तम पेपर आहे. खरी अडचण तो आमच्या कळंबला किंवा तुमच्या तालुक्याला लावताना सुरू होते.

पेपर आहे जोसेफ कीन आणि सहकाऱ्यांचा, न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिनमधला, ऑक्टोबर 2001 चा. विषय : इन्फ्लिक्सिमॅब घेणाऱ्या रुग्णांना झालेला टीबी.

आधी थोडी पार्श्वभूमी. आपल्या शरीरात टीएनएफ नावाचं एक प्रथिन असतं. जंतूंशी लढताना ते दाह निर्माण करतं. ऱ्हुमॅटॉइड आर्थ्रायटिस (आपण सरसकट 'संधिवात' म्हणतो त्यातला एक प्रकार), क्रोन्स, सोरायसिस अशा आजारांत हा दाह थांबतच नाही. टीएनएफला पकडून निकामी करणारी अँटिबॉडी दिली की अनेकांचे सांधे मोकळे होतात. इन्फ्लिक्सिमॅब शिरेतून सलाईनसारखं देतात. अ‍ॅडालिमुमॅब कातडीखाली टोचतात, सहसा दर दोन आठवड्यांनी 40 मिलिग्रॅम.

"पण हे पुण्या-मुंबईचे आजार ना?" असं वाटत असेल तर भिगवणचा अभ्यास आठवा. 1996 मध्ये डॉ. अरविंद चोप्रा यांच्या टीमने पुणे जिल्ह्यातल्या या गावात घरोघरी जाऊन 4 हजारांहून जास्त प्रौढ तपासले. ऱ्हुमॅटॉइड आर्थ्रायटिसचं प्रमाण निघालं सुमारे 0.5 टक्के, म्हणजे 200 प्रौढांमागे एक. रुग्ण खेड्यात आहेतच. डिसेंबर 2014 मध्ये झायडसने अ‍ॅडालिमुमॅबचं बायोसिमिलर भारतात आणलं, तेव्हापासून औषधही थोडं आवाक्यात येऊ लागलं. आता टीबीचा प्रश्न आपल्या दारातला आहे.

पेपरने काय केलं?

अमेरिकेच्या एफडीएकडे औषधांच्या दुष्परिणामांचे रिपोर्ट येतात. डॉक्टरांनी, कंपनीने आपणहून कळवलेले. कीन यांच्या टीमने 29 मे 2001 पर्यंतचे रिपोर्ट चाळले आणि इन्फ्लिक्सिमॅबनंतर टीबी झालेल्या 70 केसेस काढल्या. टीबी होईपर्यंतचा मध्यक काळ 12 आठवडे. 48 जणांना तीन किंवा त्याहून कमी डोसांतच टीबी झाला. 40 जणांचा टीबी फुफ्फुसाबाहेरचा, त्यातल्या 17 जणांच्या शरीरभर पसरलेला.

हे चित्र जीवशास्त्राशी जुळतं. टीबीचे जंतू शरीरात शिरले की पेशी त्यांच्याभोवती ग्रॅन्युलोमा नावाची गाठ बांधून त्यांना कोंडून ठेवतात. ही तटबंदी टिकवायला टीएनएफ लागतं. ते काढून घेतलं की तट ढासळतो आणि सुप्त जंतू बाहेर पडतात. पेपरची ताकद इथे आहे : 70 केसेस, एक सुसंगत नमुना, आणि त्यामागे पटणारी यंत्रणा. धोक्याची घंटा वाजवायला एवढं पुरतं.

आता आक्षेप. तीन आहेत.

पहिला : छेद. शाळेतला अपूर्णांक आठवा. 70 हा अंश. छेद काय? पेपरच्या वेळेपर्यंत जगभरात सुमारे 1 लाख 47 हजार लोकांना हे औषध मिळालं होतं. पण किती जणांचा टीबी कळवलाच गेला नाही, हे या आकड्यांत नाही. लेखकांनी अमेरिकेतल्या संधिवाताच्या रुग्णांसाठी अंदाज काढला : औषध घेणाऱ्यांत वर्षाला लाखामागे 24.4, एरवी 6.2. सुमारे चौपट. आपणहून आलेल्या रिपोर्टमध्ये अंश बहुतेक वेळा कमीच पडतो, म्हणून 24.4 ही खालची पायरी समजा. "धोका चौपट आहे" असं ठाम वाक्य प्रपोजलमध्ये लिहू नका.

दुसरा : 12 आठवडे. हा आकडा सगळ्यांना पाठ असतो, आणि त्यावरून "तीन महिने निघाले की सुटलो" असा अर्थ निघतो. थांबा. अमेरिकेत औषधाला पहिली मान्यता ऑगस्ट 1998 मध्ये मिळाली, संधिवातासाठी नोव्हेंबर 1999 मध्ये. रिपोर्ट मे 2001 पर्यंतचे. म्हणजे तिथल्या संधिवाताच्या बहुतेक रुग्णांना औषध सुरू होऊन दीड वर्षसुद्धा झालं नव्हतं. पाच वर्षांनी होणारा टीबी या पेपरमध्ये दिसणार तरी कसा? टीबी लवकर होऊ शकतो, हे पेपर सांगतो. उशिरा होत नाही, हे तो सांगत नाही.

तिसरा : माणसं कुठली? 70 पैकी 64 रिपोर्ट टीबी कमी असलेल्या देशांतले. आपल्यासाठी सगळ्यात महत्त्वाची ओळ हीच. तिथे टीबी झाला तर बहुतेक वेळा तो जुना, सुप्त जंतू जागा झालेला असतो. इथे? 2019 ते 2021 च्या राष्ट्रीय सर्वेक्षणात 15 वर्षांवरच्या सुमारे 31 टक्के लोकांत टीबीचा संसर्ग आढळला. शिवाय नवा संसर्ग रोज होऊ शकतो, बसमध्ये, घरात, ऊसतोडीच्या कोप्यांत.

मग काही जण सरळ गुणाकार करतात. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजाने 2023 मध्ये भारतात लाखामागे 195 नवे टीबी रुग्ण, गुणिले चार, बरोबर 780. हा गुणाकार चुकीचा आहे. ते 'चार' स्वतःच कच्चं आहे. 195 सगळ्या लोकसंख्येचा आकडा आहे, संधिवाताच्या रुग्णांचा नाही. आणि जुना जंतू जागा होणं व नवा जंतू लागणं या दोन वेगळ्या घटना आहेत. औषधाचा परिणाम दोन्हींवर सारखाच होईल, हे कुणी दाखवलं?

मग फरक काय पडतो?

पडतो. पेपरनंतर औषध सुरू करण्याआधी सुप्त टीबी तपासायची पद्धत रुळली. स्पेनच्या रजिस्ट्रीत अशा शिफारशींनंतर टीबीचं प्रमाण 78 टक्क्यांनी घटलं. कच्च्या छेदाच्या पेपरने माणसं वाचवली, हे विसरू नका.

पण तीच पद्धत कळंबला आणून बघा. मांटू टेस्ट करायची, तर जन्मतः बीसीजी घेतलेल्यांत ती खोटी पॉझिटिव्ह येऊ शकते, आणि आधीच स्टिरॉइड व मेथोट्रेक्सेटवर असलेल्यांत खोटी निगेटिव्ह. इग्रा ही रक्ताची तपासणी करायची, तर तिच्या नेहमीच्या किटमध्ये रक्त 16 तासांच्या आत इनक्युबेटरमध्ये जायला हवं. नमुना लातूरला किंवा सोलापूरला पाठवायचा तर वेळेचं गणित जमवावं लागतं. टेस्ट निगेटिव्ह आली तरी ती आजची. पुढचे सहा महिने माणूस कारखान्यावर ऊस तोडायला गेला, तर खोकला सुरू झाल्यावर त्याला कोण विचारणार? आणि 2 ते 8 अंशांत ठेवायचं इंजेक्शन कोपीत कुठे ठेवणार?

दोन्हीकडून नुकसान आहे. धोका फुगवून सांगितला, तर वाकड्या झालेल्या बोटांची बाई चांगल्या औषधाला घाबरून मुकते. कमी सांगितला, तर तपासणीशिवाय सुई टोचली जाते. (आणि हो, कुणी हे औषध घेत असेल तर हा लेख वाचून आपल्या मनाने बंद करू नका. डॉक्टरांशी बोला.)

तुमच्यासाठी काम

पुढचा कुठलाही क्लिनिकल पेपर हातात आला की सॅम्पल साईझच्या आधी चार प्रश्न वहीत लिहा.

1. छेदात कोण आहे आणि कोण सुटलं?
2. लोकांना किती काळ पाहिलं?
3. ही माणसं राहतात कुठे आणि त्यांच्या आसपास काय पसरलंय?
4. निष्कर्ष माझ्या तालुक्यात आणायला मधल्या कोणत्या पायऱ्या लागतात, आणि त्यातली कुठली तुटलेली आहे?

चौथ्या प्रश्नाचं उत्तर म्हणजे बहुतेक वेळा तुमचा रिसर्च गॅप असतो. 'एक्सटर्नल व्हॅलिडिटी' हा शब्द गाईड विचारेल तेव्हा सांगालच. त्याचा अर्थ मात्र एसटीने लातूरला जाणाऱ्या रक्ताच्या नळीत शोधा.