भिंत गार झाली, पण शांत झाली का?

बीईईची ‘इको निवास संहिता’ (भाग 1, 2018) संशोधनाला लागण्याआधी जरूर वाचा. छत सोडून घराच्या बाह्य कवचातून आत येणाऱ्या उष्णतेला तिने आकडा दिला: थंड हवामानाचा भाग वगळता चौ. मीटरला जास्तीत जास्त 15 वॅट. ‘उष्णतारोधक’ या जाहिरातीतल्या मोघम शब्दापेक्षा हे कधीही बरं.

पण संहितेत आवाजाची अट कुठेच नाही, आणि गोची तिथेच आहे. एएसी ब्लॉकमध्ये हवेचे बारीक कप्पे असतात, म्हणून उष्णता कमी जाते. आवाज मात्र वजनाने अडतो. वजन दुप्पट झालं की सुमारे 6 डेसिबल जास्त अडतात, असं वस्तुमान नियम सांगतो. 230 मिमी विटांची भिंत चौ. मीटरला साधारण 400 किलो, 200 मिमी ब्लॉकची 120. प्लास्टर न धरता कागदावर हिशोब करा: ब्लॉक सुमारे 10 डेसिबल मागे पडतो.

शिवाय मुंबईसारख्या उष्ण-दमट हवेत संहिता चटई क्षेत्राच्या किमान 16.66 टक्के उघडता येणारी जागा मागते. वाऱ्यासाठी योग्यच. पण हायवेच्या गोंगाटाने खिडकी बंद झाली, की एसी सुरू! मग वाचवलेली वीज गेली कुठे? म्हणजे आवाज वगळल्याने संहितेचा स्वतःचाच हेतू लंगडा पडतो.

विषय शोधताय? एकाच खोलीत तापमान आणि डेसिबल दोन्ही मोजा. खिडकी उघडी ठेवून आणि बंद करूनही.