खाली नसलेला ताल

भैरव सुरू होतो तेव्हा तालाचा पत्ताच नसतो. सिंथेसायझरचे लांब स्वर वर चढतात, घरंगळतात. आपण आलापीच्या अपेक्षेने सावरून बसतो. आणि मग धप्, धप्, धप्, धप्.

चरणजित सिंग यांची 'सिंथेसायझिंग : टेन रागाज टू अ डिस्को बीट' ही तबकडी १९८२ची, मुंबईतली, एचएमव्हीची. सिंग हे हिंदी चित्रपटांच्या ध्वनिमुद्रणांत वाजवणारे वादक. डिस्कोची लाट आली होती, तेव्हा त्या ठेक्यावर राग बसवून पाहू, एवढीच कल्पना. हाताशी रोलँड कंपनीची तीन यंत्रं : स्वरांना ज्युपिटर-८, ठेक्याला टीआर-८०८ आणि खर्जाला टीबी-३०३. तबकडी खपली नाही.

यातलं ३०३ हे मोठं मजेशीर यंत्र. एकट्या गिटारवाल्याला बेसची साथ मिळावी म्हणून केलेलं. पण बेससारखं ते कधी वाजलंच नाही. स्वर एका फेरीत भरायचे, त्यांची लांबी दुसऱ्या फेरीत, त्यामुळे माणूस वैतागायचा. दोन-तीन वर्षांत उत्पादन बंद झालं आणि यंत्रं जुन्या बाजारात स्वस्तात गेली. तिथूनच एक शिकागोच्या 'फ्यूचर' या त्रिकुटाला मिळालं. १९८७ साली त्यांची 'अ‍ॅसिड ट्रॅक्स' आली, पुढच्याच वर्षी इंग्लंडची तरुण पोरं त्या चिरकणाऱ्या, गुळगुळणाऱ्या आवाजावर, म्हणजे अ‍ॅसिड हाऊसवर, रात्र रात्र नाचू लागली, आणि अशा रात्रींसाठीचा रेव्ह हा शब्द घरोघर पोचला.

२०१० साली एका डच लेबलने सिंग यांची तबकडी पुन्हा काढली, तेव्हा 'अ‍ॅसिड हाऊस मुंबईत जन्मलं' अशी हाकाटी झाली. आपल्याला अशी बातमी गोड लागते. पण न खपलेली तबकडी शिकागोपर्यंत पोचली, असं मानायला काही आधार नाही. उगाच नाती लावू नयेत. दोन्हीकडे यंत्र तेच, वापर मात्र नेमका उलटा. शिकागोवाले चार-दोन स्वर घोळवत ठेवतात आणि खुंट्या पिळून त्यांचा पोत बदलतात. कान स्वरावर नसतो, आवाजाच्या कातडीवर असतो. सिंग यांच्याकडे बढत स्वरांतून होते आणि रागाची चौकट मोडत नाही.

ललित ऐका. पंचम वर्ज्य, आणि दोन्ही मध्यम लागोपाठ. एका स्वरावरून दुसऱ्यावर घसरत जाण्याची सोय ३०३मध्ये आहेच. रोलँडच्या जपानी अभियंत्यांनी ती बेस गिटारची बोटं डोळ्यांपुढे ठेवून केली असणार, पण आपला कान तिला मींड म्हणून ओळखतो. यंत्राला रागाचं काडीचंही ज्ञान नाही, तरी ही जागा त्याला घरची वाटते.

उणिवाही तिथेच दिसतात. भैरवाचा ऋषभ आंदोलित हवा. पट्टीवर तो सरळसोट उभा राहतो. पेटीवरचा जुना आक्षेप इथे दुपटीने लागू. त्याहून मोठी अडचण तालाची. ३०३मध्ये एका आवर्तनात सोळा घरं असतात. त्रितालाच्या मात्राही सोळाच, म्हणून मी पहिल्यांदा हरखून बोटांवर मोजायला बसलो. नवव्या मात्रेला खाली येईना. येणार कुठून? डिस्कोत चारही ठोके भरीचे. दुरून चालत येऊन सम गाठायची, श्रोत्यांनी मान हलवायची, हा आपला आनंदच तिथे संभवत नाही. प्रत्येक ठोका समच असतो.

बरेच दिवस मी याला दोष मानत होतो. आता मानत नाही. खालीच्या मात्रेवर शरीर क्षणभर थबकतं. इथे थबकायचंच नसतं. ब्रिटिश सरकारलाही नेमकं हेच खुपलं असावं. १९९४च्या कायद्याने रेव्ह बंद पाडायचे अधिकार पोलिसांना दिले, तेव्हा त्या संगीताची खूण म्हणून पुन्हा पुन्हा येणारे ठोके असं चक्क कलमात लिहिलं. आपल्या गल्लीतलं भजनी मंडळ त्या कलमातून सुटलं असतं का, कोण जाणे.

सिंग २०१५ साली मुंबईत वारले. त्याआधी युरोपच्या रंगमंचांवर त्यांनी हेच राग पुन्हा वाजवले, तरुण नाचणाऱ्यांपुढे.

सगळी तबकडी एका बैठकीत ऐकू नका. चौथ्या-पाचव्या रागापर्यंत तोच ठेका कंटाळा आणतो, हे कबूल करायला हवं. शेवटचे दोन राग मात्र सलग लावा. मालकंस मध्यरात्रीचा, आणि त्याच्या पाठोपाठ बैरागी, पहाटेचा. ठेका तोच राहतो, प्रहर बदलतो. रेव्हची रात्रही अशीच उजाडते. आवाज मोठा ठेवा, आणि शेजाऱ्यांना आधी सांगून ठेवा.