मुस्लिम मराठी लेखक आणि प्रकाशनाचा प्रश्न

मुस्लिम मराठी साहित्यावर आपल्याकडे बरेच लिहिले-बोलले गेले आहे. १९९० साली सोलापुरात पहिले मुस्लिम मराठी साहित्य संमेलन झाले. तेव्हापासून परिसंवादांचे विषय मात्र फारसे बदललेले नाहीत. या साहित्याच्या प्रेरणा कोणत्या, परंपरा शेख महंमदांपासून धरायची की अमर शेखांपासून, 'मुस्लिम' हे विशेषण हवे की नको, यांवर आपण तासन् तास बोलतो. पुस्तक कोणी काढले, किती प्रती निघाल्या आणि त्या गेल्या कुठे, ही चर्चा मात्र संमेलनाच्या मंडपाबाहेर चहा पिताना होते. व्यासपीठावर ती कमीपणाची समजली जाते.

मी पुस्तक हातात घेतले की आधी श्रेयपान उघडतो. आपल्या लेखकांच्या अनेक पुस्तकांत प्रकाशक म्हणून लेखकाच्या पत्नीचे नाव असते, पत्ता घरचाच असतो आणि मुद्रक जिल्ह्याच्या गावचा. 'प्रथमावृत्ती' हा शब्द मोठ्या उमेदीने छापलेला असतो. दुसरी आवृत्ती क्वचित दिसते. पुस्तक आप्तेष्टांत वाटले जाते, दखल कोणी घेत नाही, मग आपण म्हणतो की प्रस्थापितांनी उपेक्षा केली. उपेक्षा झाली हे खरेच आहे. पण जे पुस्तक दुकानात आणि वाचनालयात पोहोचलेच नाही, त्याची उपेक्षा करण्याइतकी तरी सवड कोणाला मिळाली?

प्रकाशकाची निवड हा निव्वळ व्यवहार आहे, असे मला वाटत नाही. पुस्तकाची भाषा, मुखपृष्ठ आणि वाचक या तिन्ही गोष्टी त्या निवडीने ठरतात. म्हणून तिच्याकडे समीक्षेच्या अंगाने पाहायला हवे.

पहिला रस्ता मुंबई-पुण्याच्या मोठ्या संस्थांचा. मौज, पॉप्युलर, राजहंस, मॅजेस्टिक या नावांचा आपल्याला धाक वाटतो, आणि काही अंशी तो योग्यही आहे. श्री. पु. भागवत आणि राम पटवर्धन यांनी 'मौज'-'सत्यकथे'त संपादनाची जी शिस्त घालून दिली, तिचा फायदा मराठीतल्या कितीतरी लेखकांना झाला. असा संपादक लाभणे हे कुठल्याही मानधनापेक्षा मोठे. पण हा संपादक आपल्या घरातली भाषा ओळखतो का, हे आधी पाहावे लागते.

एका स्नेह्याच्या कथासंग्रहाचे उदाहरण देतो. प्रकाशकाचे नाव घेण्याचे कारण नाही. मुद्रितशोधकाने सगळीकडे 'अजान'चे 'अजाण' केले. पहाटे मशिदीतून अजाण ऐकू येऊ लागली! 'गझल'मध्ये झ असतो म्हणून 'नमाज'चे काही ठिकाणी 'नमाझ' झाले, काही ठिकाणी ते तसेच राहिले. वास्तविक मराठी 'ज' जरा-जहाजासारखा दंततालव्य उच्चारता येतो, त्यामुळे 'नमाज' मराठीत सहज आणि बरोबर म्हटला जातो. तिथे झ ची गरजच नव्हती. हे सोसता येईल, प्रूफ दुसऱ्यांदा वाचून दुरुस्त करता येईल. खरी अडचण तळटीपांची. अम्मी, खाला, फुप्पी, जनाजा, चाळिसावा या प्रत्येकाला आकडा आणि खाली अर्थ. मालवणी किंवा अहिराणी बोलीतल्या पुस्तकांनाही शब्दार्थ जोडतात, तेव्हा त्याचा सरसकट राग धरू नये. पण 'अम्मी'ला तळटीप देणारे पुस्तक कोणासाठी छापले आहे, हे पहिल्याच पानावर स्पष्ट होते. त्यात अम्मी म्हणणारा वाचक धरलेलाच नाही. मुखपृष्ठावर मिनार, चंद्रकोर आणि बुरख्यातले दोन डोळे आले की उरलेसुरले कामही होते. मग आत कापूस वेचणाऱ्या बाईची कथा असली तरी कोणाला कळणार?

इथे 'ग्रंथाली' आठवते. १९७८ साली 'बलुतं' आणि १९८० साली 'उपरा' या संस्थेने काढले. वस्तीतली, पालावरची बोली त्या पुस्तकांत तशीच राहिली आणि मध्यमवर्गीय वाचकाने ती शिकून घेतली. 'ग्रंथाली' ही वाचकांची चळवळ होती, सभासद वाचक आधीपासून जोडलेला होता, म्हणून हे धाडस पेलले. आपल्या लेखकांच्या वाट्याला असा जोडलेला वाचक अजून आलेला नाही. हस्तलिखित देताना 'हा शब्द असाच राहील' एवढी अट मात्र आपण घालू शकतो, आणि ती घालायला हवी.

दुसरा रस्ता चळवळीतल्या प्रकाशकांचा. पुण्याचे 'सुगावा', मुंबईचे 'लोकवाङ्मय गृह' यांनी परिवर्तनाच्या साहित्याला जो आधार दिला त्याचे मोल मोठे आहे. हमीद दलवाई १९७७ साली गेले. त्यांच्या कथा आजच्या वाचकाच्या हाती पुन्हा आल्या त्या 'साधना'मुळे. लेखक गेल्यावरही पुस्तक छापत राहणारा प्रकाशक मिळणे, याला मी नशीब म्हणतो. पण या रस्त्यावर एक अपेक्षा न बोलता असते. तलाक, दंगल, सुधारणा, जातिव्यवस्था यांवर लिहिलेत तर दार लगेच उघडते. एखाद्या मुस्लिम पोराच्या क्रिकेटवेडावर किंवा भावाभावांच्या वाटणीवर कादंबरी लिहिलीत की 'विषय जरा वेगळा आहे' असे उत्तर येते. दुसऱ्या टोकाला धार्मिक पुस्तके काढणाऱ्या संस्था आहेत, 'इस्लामिक मराठी पब्लिकेशन्स ट्रस्ट'सारख्या. मराठी वाचकापर्यंत दीनी साहित्य नेणे हा त्यांचा हेतू उघड आहे, त्यात लपवाछपवी नाही. ललित लेखकाने तिथे जाऊन निराश होण्यात अर्थ नाही. म्हणजे एकीकडे आपण प्रश्न म्हणून हवे असतो, दुसरीकडे उपदेश म्हणून. माणूस म्हणून लिहिलेले पुस्तक मधल्या मध्ये राहते.

या मधल्या जागेवर तिसरा रस्ता उभा राहिला, जिल्ह्याजिल्ह्यांतल्या प्रकाशकांचा. यांत काही माणसे खरोखर ग्रंथप्रेमी आहेत, स्वतः पिशवीत पुस्तके घालून संमेलनांत स्टॉल लावतात. पण २०१० नंतर चित्र पालटले. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या नियमांनी प्राध्यापकांच्या पुस्तकांना गुण दिले, त्या गुणांसाठी आयएसबीएन क्रमांकाला महत्त्व आले आणि तो क्रमांक पुरवणाऱ्या प्रकाशकांचे पीक आले. हा तेरा आकडी क्रमांक म्हणजे दर्जाचे प्रमाणपत्र असल्याची समजूत आपल्यातही पसरली आहे. तसे काही नाही. ती पुस्तकाची ओळखखूण आहे. भारतात राजा राममोहन रॉय राष्ट्रीय संस्था तो विनामूल्य देते आणि स्वतःचे पुस्तक स्वतः काढणाऱ्या लेखकालाही तो मागता येतो. त्यासाठी कोणी वेगळे पैसे मागत असेल तर तिथून उठावे.

पैसे भरून पुस्तक काढणे वाईट आहे, असे माझे म्हणणे नाही. हिशोब मात्र विचारावा. समजा, पाचशे प्रतींचा खर्च लेखकाने दिला, दोनशे प्रती त्याला मिळाल्या, तीनशे 'वितरणासाठी' प्रकाशकाकडे राहिल्या. अडीचशे रुपये किमतीवर विक्रेत्याला चाळीस टक्के सूट धरली तरी प्रतीमागे दीडशे रुपये येतात, तीनशे प्रतींचे पंचेचाळीस हजार. हे पंचेचाळीस हजार कोणाचे? छपाईचा सगळा खर्च लेखकाचा असेल तर उत्तर सोपे आहे, पण करारात ते बहुधा लिहिलेले नसते. आणि त्या तीनशे प्रती खरोखर छापल्या गेल्या का, हा प्रश्न विचारायला आपल्याला लाज वाटते.

उर्दू शाळेत शिकवत असल्याने दोन्हीकडची पुस्तके माझ्या टेबलावर येतात. उर्दूत 'नाशिर : मुसन्निफ' असे उघड छापतात. लेखकच प्रकाशक आहे, यात कोणाला काही उणे वाटत नाही. बायकोचे नाव पुढे करावे लागत नाही. त्याच पानावर 'मिलने के पते' म्हणून पाच-सहा ठिकाणे दिलेली असतात, मालेगावचे एखादे दुकान, मुंबईचे मकतबा जामिया, हैदराबादचे कोणी. ही साधी यादी म्हणजे वितरणाची व्यवस्थाच. शिवाय राज्याची उर्दू साहित्य अकादमी आणि दिल्लीची राष्ट्रीय उर्दू परिषद प्रकाशनाला अर्थसाहाय्य देतात, परिषद पुस्तके खरेदीही करते. २०२१ च्या डिसेंबरात मालेगावला परिषदेचा पुस्तक मेळा भरला, तेव्हा उर्दू पुस्तक विकत घेणारा वाचक आहे, हे आपण डोळ्यांनी पाहिले. पण त्या बाजूचेही सगळेच घेण्यासारखे नाही. रस्म-ए-इजरा थाटात होते, हार-शाल होते, पुस्तक सर्वांना भेट दिले जाते आणि दुसऱ्या दिवसापासून ते कोणी विकत मागत नाही. भेट देण्याची ही सवय मराठीत लिहिणाऱ्या आपल्या लोकांनी उचलली आणि पत्त्यांची यादी तेवढी विसरले!

मराठीतही सरकारी मदत आहे. महाराष्ट्र राज्य साहित्य आणि संस्कृती मंडळाची नवलेखक अनुदान योजना पहिल्या पुस्तकासाठी आहे. मंडळाकडे हस्तलिखित तज्ज्ञांकडून वाचले जाते, आणि मला अनुदानापेक्षा हे वाचन मोलाचे वाटते. म्हणून पहिले पुस्तक घाईने, निवृत्तीच्या समारंभाला किंवा मुलाच्या लग्नात वाटायला छापून ती संधी घालवू नये.

कराराबद्दल थोडे सविस्तर लिहितो, कारण आपल्यात तोंडी व्यवहारावर फार भिस्त. स्वामित्वहक्क कायदा १९५७ चा आहे. त्याच्या एकोणिसाव्या कलमानुसार हक्कांचे हस्तांतरण लेखी आणि सहीनिशी असावे लागते. कोणते हक्क, किती काळासाठी, कुठल्या प्रदेशापुरते आणि मानधन किती, हे त्यात हवे. मुदत लिहिलेली नसेल तर ती पाच वर्षे धरली जाते, प्रदेश लिहिलेला नसेल तर भारतापुरता. हक्क घेऊन प्रकाशकाने वर्षभरात काहीच केले नाही तर, करारात वेगळे लिहिलेले नसल्यास, ते हक्क परत लेखकाकडे येतात. हस्तलिखित तीन-तीन वर्षे कपाटात पडले म्हणून हताश झालेल्या लेखकांनी आपला कागद याच दृष्टीने पुन्हा वाचावा. 'सर्व हक्क कायमस्वरूपी' असे छापील वाक्य दिसले तर ते खोडून सही करावी. अनुवादाचे हक्क शक्यतो स्वतःकडे ठेवावेत. आपल्या पुस्तकाला उर्दू आणि हिंदी ही दोन दारे अगदी शेजारी आहेत.

आणखी एक मागणी करारात घालावी, ती अक्षरजुळणीच्या फाइलची. श्रीलिपीसारख्या जुन्या फाँटमध्ये जुळवलेला मजकूर दुसऱ्या संगणकावर उघडला की नुसत्या खुणा दिसतात. इनपेजच्या फाइलींचा जाच उर्दूवाल्यांना ठाऊक आहेच. युनिकोडमधली प्रत हाती असेल तर प्रकाशक बंद पडला तरी पुस्तक बंद पडत नाही. मागणीनुसार छपाईची सोय आता आहे, पन्नास प्रतीही काढता येतात. तिच्याबद्दल फार लिहिण्यासारखे नाही. छपाई सोपी झाली, वाचक शोधणे होते तिथेच आहे.

तो वाचक महाराष्ट्रात अजून वाचनालयात सापडतो. १९६७ च्या ग्रंथालय कायद्याखाली अनुदान मिळणारी हजारो सार्वजनिक ग्रंथालये गावोगाव आहेत. ग्रंथालय संचालनालयाच्या शासनमान्य यादीत पुस्तक आले तर ती ते घेण्याचा विचार करतात. प्रकाशकाला पहिला प्रश्न हाच विचारावा : तुम्ही यादीसाठी पुस्तके पाठवता का, गेल्या दोन-तीन वर्षांत तुमची कोणती पुस्तके त्यात आली? दुसरा प्रश्न १९५४ च्या ग्रंथप्रदान कायद्याचा. प्रकाशकाने पुस्तकाची प्रत कोलकात्याच्या राष्ट्रीय ग्रंथालयाला आणि मुंबई, चेन्नई, दिल्ली येथील ठरलेल्या ग्रंथालयांना तीस दिवसांत स्वखर्चाने पाठवायची असते. स्वतः पुस्तक काढणाऱ्यालाही हे लागू आहे. आपल्या किती लेखकांनी ही चार पार्सले केली असतील? पन्नास वर्षांनी कोणी मुस्लिम मराठी साहित्याची सूची करायला बसेल तेव्हा तो घराघरांतल्या कपाटांतून फिरणार नाही. तो मुंबईच्या टाउन हॉलमधल्या मध्यवर्ती ग्रंथालयात जाईल आणि तिथे जी प्रत सापडेल तेवढीच नोंदवील.