'रेंज नाही' हे उत्तर पुरेसे आहे का?

भाऊच्या धक्क्यावरून मांडव्याला जाणारी रो-रो बोट मार्च २०२० मध्ये सुरू झाली. मोटारीच काय, झोपण्या-रांधण्याची सोय असलेली फिरती घरेही तिच्यातून पलीकडे जातात. मध्यंतरी या बोटीवर शेजारच्या गाडीत पडद्यावर सामना चालू होता. बंदर मागे पडले तसे चित्र अडखळले आणि नुसते चक्र फिरू लागले. "असं का?" मुलाने विचारले. "रेंज नाही!" वडील म्हणाले. वर्गात आपणही हेच सांगतो. आमचा आक्षेप या उत्तराला आहे. ते खोटे नाही, पण अपुरे आहे. फोनवर दोन काड्या दिसतच होत्या.

जुनी गोष्ट आठवून पाहा. २ ऑक्टोबर १९७२ रोजी मुंबई दूरदर्शन सुरू झाले. वरळीचा मनोरा सुमारे ३०० मीटर उंच. तेथून निघालेल्या लहरी खाडीपलीकडच्या छपरांवरील अँटेना नुसत्या 'ऐकत'. ऐकणारे दहा असोत की दहा हजार, मनोऱ्यावरचा भार तेवढाच. याला प्रक्षेपण म्हणतात.

इंटरनेटवरून येणारे चित्र बहुधा असे नसते. ते काही सेकंदांच्या तुकड्यांत येते आणि प्रत्येक तुकडा फोनला मागावा लागतो. म्हणजे फोनला बोलावेही लागते, आणि त्याची शक्ती वॅटच्या अंशाएवढीच. शिवाय मनोऱ्याची क्षमता सर्व प्रवाशांत वाटली जाते. काड्या संकेताची ताकद दाखवतात, आपल्या वाट्याला काय येईल हे नाही.

आता थोडे गणित करू या. चित्राला सेकंदाला २ मेगाबिट हवेत, पण मिळतात १. फोनमध्ये ३० सेकंदांचा साठा आहे. दर सेकंदाला अर्ध्या सेकंदाचा साठा घटतो. म्हणजे ६० सेकंदांनी चित्र थांबणार! त्याआधी फोन कमी दर्जाचे तुकडे मागून पाहतो. चित्र धूसर होते ते म्हणूनच.

या पद्धतीचे गुण आम्ही नाकारत नाही. हवा तो पाठ, हव्या त्या वेळी, पुन्हा पुन्हा पाहता येतो. दूरदर्शनला हे कधीच जमले नसते. परंतु तिला सर्रास 'प्रक्षेपण' म्हटल्याने तिची किंमत झाकली जाते. तासाभराच्या अशा चित्राला ९०० मेगाबाइट लागतात. चाळीस मुलांनी चाळीस फोनवर तोच पाठ पाहिला, तर ३६ गिगाबाइट! गावातल्या एकाच मनोऱ्यावर हा भार पडला, तर सर्वांत आधी कोणाचा पाठ थांबेल? ज्याचे घर मनोऱ्यापासून दूर आहे, त्याचा.

म्हणून शिक्षकांनी परवानगी असलेला पाठ एकदाच उतरवून घ्यावा आणि वर्गात एका पडद्यावर सर्वांना दाखवावा. आणि मुलाने "असं का?" विचारले, तर त्याला वरचे गणित करायला द्यावे.